‘हात जपा’ म्हणालो आणि हात आखडला: रोलरमध्ये चिरडलेल्या हाताचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ३४ वर्षांच्या एका कामगाराचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुठ्ठ्यावर कागद चिकटवणाऱ्या यंत्रावर त्यांची नऊ वर्षं गेली होती, आणि त्यांचा कामाचा हात उजवा. दुपारी ४.४० च्या सुमारास पुठ्ठा तिरका जायला लागला. तो सरळ करायला त्यांनी हात पुढे केला आणि दोन रोलरांनी बोटं आत ओढली. यंत्र बंद होईपर्यंत हात तळव्याच्या मध्यापर्यंत आत गेला होता.

एका सहकाऱ्याने रोलर उलटे फिरवायला बटणाकडे धाव घेतली. दुसऱ्याने त्याला अडवलं, दाबाचे स्क्रू ढिले केले आणि वरचा रोलर उचलून धरला. त्यात सहा-सात मिनिटं गेली. अडकलेला माणूस ओरडत असताना सहा मिनिटं फार लांब वाटतात, हे मान्य. पण उलट फिरवलं असतं तर तीच कातडी आणि तेच स्नायू दुसऱ्यांदा त्याच चिमट्यातून गेले असते. या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय त्या सहकाऱ्याचा होता, आणि तो कुठल्याच केसपेपरवर नोंदलेला नाही.

रोलरची इजा नुसत्या दाबाची नसते. रोलर दाबतो, ओढतो आणि घासतो. दाबाने हाडं मोडतात आणि स्नायूंत रक्त भरतं. ओढण्याने कातडी खालच्या थरापासून सुटते. वरून ती शाबूत दिसते, पण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटलेल्या असतात. घासण्याने भाजल्यासारखी जखम होते. त्यामुळे पहिल्या दिवशी दिसते त्याहून खरी इजा नेहमी मोठी असते. किती मोठी, हे दोन-तीन दिवस गेल्याशिवाय कळत नाही.

पहिले चार तास

जवळच्या एका छोट्या रुग्णालयात त्यांना नेलं. तिथे जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला, एक्स-रे काढला. हे सगळं योग्य आणि वेळेवर झालं. तळहाताची तिसरी आणि चौथी लांब हाडं मध्यात मोडली होती. मधल्या बोटाच्या टोकाच्या हाडाचा चुरा झाला होता आणि हाताच्या पाठीवर वाकडीतिकडी फाटलेली जखम होती. मग प्लास्टरची पट्टी लावून त्यावर बँडेज घट्ट गुंडाळलं आणि ‘उद्या दाखवा’ असं सांगितलं.

अनामिकेतली अंगठी तशीच राहिली. बोट तेव्हाच सुजलं होतं, अंगठी निघत नव्हती, म्हणून तिच्यावरूनच बँडेज गेलं.

सातच्या सुमाराला ठणका असह्य झाला. वेदनाशामक इंजेक्शनने अर्धा तास बरं वाटलं, मग पुन्हा तेच. घरच्यांनी वाट न पाहता त्यांना आमच्या रुग्णालयात आणलं, तेव्हा रात्रीचे ८.५० झाले होते. इजा होऊन चार तास उलटले होते.

समस्या

तपासणीच्या पहिल्या नोंदीत आमच्या कनिष्ठ डॉक्टरांनी लिहिलं होतं: नाडी लागते, बोटांची टोकं गुलाबी, नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परततो, ऑक्सिजन ९८ टक्के, स्पर्श कळतो. नोंद बरोबर होती. तिच्यावरून ‘रक्तपुरवठा ठीक, सकाळी शस्त्रक्रिया’ हा काढलेला निष्कर्ष बरोबर नव्हता.

हाताच्या आतले छोटे स्नायू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. असे दहा कप्पे मानतात आणि प्रत्येकाला न ताणणारं आवरण असतं. चिरडलेला स्नायू सुजला की कप्प्यातला दाब वाढतो, आणि केशवाहिन्यांतलं रक्त स्नायूपर्यंत पोचेनासं होतं. मोठ्या धमनीतला दाब मात्र त्याहून कितीतरी जास्त असतो, त्यामुळे नाडी लागत राहते आणि बोटांची टोकं गुलाबी राहतात. हाडांमधल्या त्या कप्प्यांतून स्पर्श कळवणारी मोठी नसही जात नाही, म्हणून बधिरपणाही येत नाही. स्नायू आत गुदमरत असतो आणि बाहेरची लक्षणं सगळं आलबेल असल्याचं सांगतात. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पायाच्या नडगीत तो सगळ्यांना आठवतो. हातात विसरला जातो.

मग पाहायचं काय? आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे दुखणं इजेच्या मानाने जास्त होतं आणि औषधाला दाद देत नव्हतं. दुसरी, हाताची ठेवण. बोटांच्या मुळाचे सांधे ताठ आणि मधले सांधे वाकलेले, असा पंजासारखा हात पडला होता. तळव्याची खळगी भरून सपाट झाली होती आणि पाठ दगडासारखी लागत होती. तिसरी सर्वांत महत्त्वाची. मुळाचा सांधा सरळ धरून मधला सांधा हळूच वाकवला की आतले छोटे स्नायू ताणले जातात. तसं करताच ते कळवळले. अंगठा तळव्यापासून दूर नेतानाही तेच झालं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात आधी जे करायचं त्याला पर्याय नव्हता. प्लास्टर काढलं, बँडेज कातडीपर्यंत कापलं, खालचा रक्ताने कडक झालेला कापूसही कापला. अंगठी कटरने तोडली. घट्ट बांधलेल्या हातात स्नायू रक्तावाचून मरतात आणि बोटं कायमची आकसतात, हे रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ सालीच लिहून ठेवलं आहे. हा धडा जुना आहे, तरी दर पिढीला तो एखाद्या रुग्णाच्या हातावर पुन्हा शिकावा लागतो.

दुसरा प्रश्न हात किती उंच ठेवायचा. सुजलेला हात उंच ठेवा, हा एरवीचा नियम अगदी बरोबर आहे. पण कप्प्यात दाब वाढल्याची शंका असेल तर हात उंच केल्याने आत येणाऱ्या रक्ताचा दाब आणखी कमी होतो. म्हणून शंका मिटेपर्यंत हात हृदयाच्या पातळीवर ठेवला. परिचारिकेने सवयीने हाताखाली दोन उशा दिल्या होत्या. त्या काढाव्या लागल्या.

तिसरा प्रश्न वेदनेचा होता. माणूस तळमळत होता, आणि काखेत भूल दिली असती तर दहा मिनिटांत शांत झाला असता. भूलतज्ज्ञ तयार होते. पण त्या घडीला वेदना हेच आमच्याकडचं सर्वांत खात्रीचं लक्षण होतं; ते झाकलं असतं तर पुढचा तास आम्ही आंधळे झालो असतो. निर्णय होईपर्यंत शिरेतून वेदनाशामक द्यायचं, भूल द्यायची नाही, असं ठरलं. रुग्णाला आणि त्यांच्या पत्नीला हे समजावून सांगितलं. ‘दुखणं मला आत्ता हवंय, ते काय सांगतंय ते ऐकायचंय,’ असं मी म्हणालो. त्या माउलीच्या चेहऱ्यावरून तिला हे पटलेलं दिसलं नाही, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

बँडेज काढल्यावर चाळीस मिनिटं थांबलो. घट्ट बांधण्यामुळेच सगळं असेल तर एवढ्या वेळात फरक पडायला हवा होता. तो पडला नाही.

मग दाब मोजला. तिसऱ्या आणि चौथ्या हाडांमधल्या कप्प्यात ३८, अंगठ्याच्या बेचकीतल्या स्नायूत ४९ मिलिमीटर (रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मापात). रक्तदाब १२६ / ७४. खालचा रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांत ३० पेक्षा कमी अंतर उरलं की धोका, असं सर्वसाधारणपणे धरतात. बेचकीत अंतर २५ होतं, दुसऱ्या कप्प्यात ३६. म्हणजे एक आकडा ‘उघडा’ म्हणत होता आणि दुसरा ‘थांबा’. हातातले कप्पे इतके लहान असतात की सुईचं टोक थोडं सरकलं तरी आकडा बदलतो. आम्ही आकड्यांपेक्षा हाताचं ऐकलं. उघडलं आणि गरज नव्हती असं निघालं, तर व्रण राहतो, फार तर कातडी लावावी लागते. गरज होती आणि उघडलं नाही, तर स्नायू मरतात, आणि मेलेला स्नायू परत आणता येत नाही. या दोन चुका एका तराजूत बसतच नाहीत.

शस्त्रक्रियेत काय केलं

१०.३५ ला पहिला छेद घेतला. इजेला सहा तास व्हायला आले होते. हाताच्या पाठीवर दोन उभे छेद, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या गादीवर एकेक, आणि मनगटापाशी कार्पल टनेल, म्हणजे हातात जाणाऱ्या मज्जातंतूचा अरुंद बोगदा, मोकळा केला. आवरण उघडताच स्नायू फुगून बाहेर आले. बहुतेक काळपट होते. पाच-दहा मिनिटांत गुलाबी झाले आणि चिमट्याने टोचल्यावर हलले. बेचकीतल्या स्नायूचा एक भाग राखाडीच राहिला. तो काढायचा मोह आवरला. पहिल्या रात्री स्नायू मेला की गुदमरला, हे नीट कळत नाही. स्पष्ट मेलेलं तेवढं काढलं आणि बाकीचं ४८ तासांनी पुन्हा पाहायचं ठरवलं.

मोडलेल्या हाडांचं काय करायचं, यावर टेबलापाशीच चर्चा झाली. प्लेट लावली तर हाड भक्कम होतं आणि बोटं लवकर हलवता येतात. पण प्लेटसाठी हाडावरचा मांसल थर सोडवावा लागतो, आणि या हातात आधीच खूप काही सुटलेलं होतं. नुसत्या प्लास्टरवर सोडलं तर उघड्या जखमांची देखभाल जमली नसती आणि हाडं वळली असती. आम्ही के-वायर, म्हणजे हाडात घालायच्या बारीक ताठ तारा, निवडल्या, आणि त्याही आडव्या: मोडलेली हाडं शेजारच्या शाबूत हाडांना टाचून ठेवली. त्यामुळे बोट सरळ करणाऱ्या कंडऱ्यांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) वाटेत तार आली नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मधल्या बोटाचं नख उचललं, खालची फाटलेली गादी बारीक टाक्यांनी शिवली आणि तेच नख धुऊन झाकण म्हणून परत बसवलं. जखमा मुद्दाम उघड्या ठेवल्या.

अंगठ्याच्या बेचकीचा प्रश्न

इथे थोडं रेंगाळतो, कारण आमची पहिली मोठी चूक इथली आहे.

अंगठा आणि तर्जनी यांच्यातली जागा मोकळी असेल तरच हाताला पेला धरता येतो, दाराची मूठ फिरवता येते. तिथला स्नायू चिरडला की बरा होताना आकसतो आणि अंगठ्याला तळव्याकडे ओढून घेतो. ते टाळायला अंगठा दूर धरून त्याच्या आणि तर्जनीच्या हाडांमध्ये दोन-तीन आठवडे तार घालता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्या सहकाऱ्याने ते सुचवलं होतं. मी नको म्हणालो. अंगठ्याचं हाड मोडलेलं नव्हतं, बाहेरून अंगठा बरा दिसत होता, आणि आणखी एक तार म्हणजे जंतुसंसर्गाला आणखी एक वाट, असा माझा हिशेब होता. स्प्लिंटमध्ये, म्हणजे हात ठरलेल्या ठेवणीत धरणाऱ्या आधारपट्टीत, बेचकी उघडी ठेवू, तेवढं पुरेल, असं मला वाटलं.

दाब कुठे सर्वांत जास्त होता, तर तिथेच: ४९. राखाडी स्नायू कुठे दिसला, तर तिथेच. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असताना मी एक्स-रेमधल्या शाबूत हाडावर विश्वास टाकला.

स्प्लिंट आणि सूज

४८ तासांनी पुन्हा पाहिलं. बेचकीतला थोडा स्नायू मेलेला निघाला, तो काढला. तळव्याच्या बाजूच्या जखमा सैल टाक्यांनी बंद झाल्या. पाठीवरची एक जखम जवळ येईना. ओढून शिवली असती तर पुन्हा दाब आला असता, म्हणून पाचव्या दिवशी मांडीची पातळ कातडी लावली.

स्प्लिंट पहिल्या रात्रीपासून होता. त्यात हात कसा ठेवतात हे सांगणं गरजेचं आहे, कारण हात कायमचा आखडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या ठेवणीत विसावल्यामुळे. मनगट थोडं मागे, म्हणजे २० ते ३० अंश. बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले. त्यापुढचे सांधे सरळ. अंगठा तळव्यापासून दूर. पाहायला ही ठेवण अवघडलेली वाटते, पण तिला कारण आहे. मुळाच्या सांध्याचे बाजूचे बंध सांधा सरळ असताना सैल असतात आणि वाकल्यावर ताणतात. सैल अवस्थेत चार आठवडे गेले तर ते तेवढेच आखूड होऊन बसतात, आणि मग मूठ मिटत नाही. मधल्या सांध्यांचं गणित उलटं आहे. ते वाकलेले राहिले की पुढे सरळ होत नाहीत. सुजलेला हात मोकळा सोडला की आपोआप नेमक्या चुकीच्या ठेवणीत जातो.

सुजेबद्दलही हेच. चिरडलेल्या हाताच्या सुजेत पाण्याबरोबर भरपूर प्रथिनं असतात. ती कंडऱ्यांच्या, सांध्यांच्या आणि कातडीच्या थरांमध्ये साचतात आणि काही आठवड्यांत तिथे चिवट जाळं विणलं जातं. एकमेकांवरून सरकायला हवेत ते थर चिकटून बसतात. कप्प्यांचा धोका टळला की हात हृदयापेक्षा वर ठेवायचा, टोकाकडून मनगटाकडे हलकी पट्टी गुंडाळायची आणि जे हलवता येईल ते दिवसातून अनेकदा हलवायचं. बोट हललं की सूज पिळून निघते. दुसऱ्या कुठल्या औषधाने हे काम इतकं चांगलं होत नाही.

आमच्या हॅन्ड थेरपिस्टने तिसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. कातडी लावल्यावर पाच दिवस थांबावं लागलं, पण खांदा, कोपर आणि बोटांची टोकं तेव्हाही हलत होती. दहाव्या दिवशी कातडी छान धरली होती, वेदना कमी होती, मूठ निम्म्यापर्यंत मिटत होती. त्यांना घरी सोडलं.

चोविसावा दिवस

पुढची भेट एका आठवड्याने ठरली होती. ते आले चोविसाव्या दिवशी.

हात झोळीत, पोटाशी चिकटलेला. स्प्लिंट पिशवीत. बोटं ताठ, सुजलेली, चकाकती. कातडी कधी लाल, कधी जांभळट. डाव्या हातापेक्षा गरम आणि घामाने ओली. शर्टाची बाही लागली तरी आग होते, असं ते म्हणाले. रात्री चादर हातावर घेता येत नव्हती. घरी कुणी जवळून गेलं तरी ते हात मागे घेत.

‘व्यायाम केले का?’ थेरपिस्टने विचारलं.

‘तुम्हीच म्हणालात ना, हात जपा म्हणून? खूप जपला. हलूच दिला नाही. स्प्लिंट टोचायला लागला, मग तोही काढला, उगाच जखमेला लागायला नको.’

घरी सोडताना मी खरंच तसं म्हणालो होतो. खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून. हातात व्यायामाचा कागद होता, थेरपिस्टने सगळं दोनदा करून दाखवलं होतं, पण जाताना दारात डॉक्टर जे म्हणाले तेच त्यांनी घरी नेलं. आपल्या भाषेत ‘जपणं’ म्हणजे धक्का न लागू देणं, वापर टाळणं. जपून ठेवलेली वस्तू कपाटात असते. मला म्हणायचं होतं ‘काळजी घ्या’. त्यांनी ऐकलं ‘हलवू नका’. दोष त्यांच्या ऐकण्यात नव्हता.

पुन्हा पर्याय

आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली. तारांच्या मुळाशी पू नव्हता, ताप नव्हता, रक्ततपासणी ठीक होती, हाडं जागच्या जागी होती. मग कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे सीआरपीएस, या इजेनंतर वेदना शमण्याऐवजी भडकत जाणाऱ्या आजाराचे निकष लावून पाहिले. हे निकष २००३ साली बुडापेस्टच्या बैठकीत ठरले. इजेच्या मानाने न शोभणारी वेदना, आणि चार गटांतली लक्षणं: स्पर्शाची अतिसंवेदना, कातडीच्या रंगात किंवा तापमानात फरक, सूज किंवा घाम, आणि हालचालीत, केसांत वा नखांत बदल. तीन गटांतल्या तक्रारी हव्यात आणि किमान दोन गटांतल्या खुणा तपासणीत दिसायला हव्यात. त्यांच्याकडे चारही गटांतल्या तक्रारी होत्या, आणि तीन गटांतल्या खुणा आम्हाला दिसत होत्या.

एक मत असं होतं की हात इतका दुखतो आहे तर दोन आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी. ऐकायला ते दयाळू वाटतं, पण न हलवल्याने हा आजार घट्ट होत जातो. दुसरं मत, भुलीखाली सांधे जोर लावून वाकवावेत. त्यावर मी ठामपणे नाही म्हणालो. या अवस्थेतल्या हातावर जबरदस्ती केली तर नवी इजा होते आणि आग आणखी भडकते. तिसरी वाट म्हणजे वेदना आवाक्यात आणून रुग्णाने स्वतः हात हलवायचा, रोज, थोडा थोडा. ती घेतली.

वेदनातज्ज्ञांनी नसांच्या वेदनेची औषधं आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा, उतरत्या मात्रेचा कोर्स दिला. मानेतल्या नसांच्या गुच्छाचा ब्लॉक, म्हणजे तो सुन्न करणारं इंजेक्शन, राखून ठेवला. पुढे त्याची गरज पडली नाही. तारा अठ्ठाविसाव्या दिवशी काढल्या. एक्स-रेत मोडलेल्या रेषा अजून स्पष्ट दिसत होत्या, पण हाडांवर दाबलं तर दुखत नव्हतं. हाताच्या हाडांत एक्स-रे नेहमी मागे असतो. त्यावर ‘जुळलं’ असं दिसेपर्यंत थांबणाऱ्याचे सांधे तोवर गेलेले असतात.

खरं काम थेरपिस्टच्या खोलीत झालं. पहिले काही दिवस तिने हाताला स्पर्शही केला नाही. उजव्या-डाव्या हातांची चित्रं दाखवून कुठला कोणता ते ओळखायला लावलं. मग हात हलतोय अशी नुसती कल्पना. मग आरसा: डावा हात आरशासमोर, उजवा मागे, डावा हलला की आरशात उजवा हलताना दिसतो आणि दुखत नाही. सोबत कापूस, मऊ फडकं, मग जाडंभरडं कापड हातावर फिरवणं. दुसऱ्या आठवड्यात टेबल पुसणं आणि हलकी पिशवी धरून चालणं सुरू झालं. सहाव्या-सातव्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली घेतली. थेरपिस्टने ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलं आहे.

परिणाम

बारा आठवड्यांनी आग बरीच कमी झाली होती, पण हात आखडलेला होता. बोटाचे तिन्ही सांधे मिळून एकूण किती वाकतं हे आम्ही मोजतो. निरोगी बोटात ते साधारण २६० अंश भरतं. मधल्या बोटात १६०, अनामिकेत १५० भरलं. पकड ९ किलो. डाव्या हाताची ४१. बेचकी मात्र सुधारली नाही. अंगठा तळव्यापासून जेमतेम २५ अंश दूर जात होता, डावा ५० जात होता. रात्रीचे बेचकीचे स्प्लिंट दर दोन आठवड्यांनी मोठे करत गेलो. त्याने आठ-दहा अंश मिळाले आणि तिथेच अडलं.

सातव्या महिन्यात, सीआरपीएसची लक्षणं सलग दोन महिने शांत राहिल्यावर, बेचकी शस्त्रक्रियेने मोकळी केली: कातडीची इंग्रजी झेडच्या आकाराची मांडणी आणि आतल्या आकसलेल्या आवरणाची सुटका. दुखावलेल्या हातावर पुन्हा सुरी चालवली की सीआरपीएस परत येऊ शकतो, म्हणून घाई केली नाही. तिसऱ्या दिवसापासून हात हलता ठेवला.

चौदाव्या महिन्यात मधलं बोट २१५ आणि अनामिका २०० अंशांवर होती, अंगठा ४२ वर, पकड २६ किलो. लिहिणं, बटणं लावणं, स्क्रू फिरवणं जमतं. थंडीत बोटं पांढरी पडून दुखतात. चिरडलेल्या हाताची ही तक्रार वर्षानुवर्षं राहू शकते आणि तिच्यावर ऊबेखेरीज फार इलाज नाही. पाचव्या महिन्यात ते अर्धवेळ आणि नवव्या महिन्यात पूर्णवेळ कामावर परतले, पण मालाच्या तपासणीवर. रोलरकडे जायला त्यांनी नकार दिला.

त्या नकारामागचं कारण आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही पत्नीने सांगितलं म्हणून. ते रात्री दचकून उठत, यंत्राचा आवाज ऐकू आल्यासारखं होई. आम्ही तोवर अंश मोजले, किलो मोजले, झोप कशी लागते हे विचारलं नव्हतं. समुपदेशन सुरू झाल्यावर त्यांची थेरपीतली प्रगतीही वाढली. हे दोन महिने आधी होऊ शकलं असतं.

आज काय वेगळं करू

बेचकीत तार घालेन. तिथला दाब वाढलेला असेल किंवा स्नायू राखाडी दिसत असेल तर अंगठ्याचं हाड शाबूत आहे की मोडलंय हे पाहणारही नाही. सात महिन्यांनी केलेली दुसरी शस्त्रक्रिया त्याने टळली असती असं खात्रीने सांगता येणार नाही, पण मला तसं वाटतं.

घरी सोडल्यावर चौथ्या दिवशी थेरपिस्ट स्वतः फोन करते आणि रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही तर त्याच संध्याकाळी पुन्हा करते. त्या वेळी आम्ही तो चौदा दिवसांचा खड्डा पडू दिला. सूज विणली जायची, सांधे धरायचे आणि सीआरपीएस डोकं वर काढायचा काळ तोच असतो. शस्त्रक्रिया झालेली असते, टाके निघालेले असतात, सगळ्यांना वाटतं संकट टळलं. आमचंही तेच झालं.

पहिल्या रुग्णालयाशीही बोललो. दोष द्यायला नव्हे. त्यांनी अँटिबायोटिक वेळेवर दिलं नसतं तर आमची गोष्ट वेगळी झाली असती. अंगठी तिथेच कापावी, चिरडलेल्या हाताला पहिल्या रात्री गोल घट्ट बँडेज करू नये, आणि औषधाने न थांबणाऱ्या दुखण्याला ‘उद्या या’ म्हणू नये, एवढंच सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

आणि कागद बदलला. पूर्वी त्याच्या डोक्यावर ‘हाताची काळजी कशी घ्यावी’ असं होतं आणि खाली अकरा सूचना. आता मोठ्या अक्षरांत चार ओळी आहेत: हात हृदयाच्या वर ठेवा. जागे असताना दर तासाला बोटं हलवा. स्प्लिंट टोचला तर काढू नका, फोन करा. आग, घाम, रंगात फरक दिसला तर त्याच दिवशी या. कागद हातात देण्याआधी रुग्णाकडून तो स्वतःच्या शब्दांत म्हणवून घेतो, आणि दारात निरोप देताना मी दुसरं काही बोलत नाही.

त्यांची पुढची भेट अठराव्या महिन्यात आहे. अनामिकेचं टोक अजून बधिर आहे आणि मधल्या बोटाचं नख वाकडं वाढतंय. शेवटच्या वेळी त्यांनी विचारलं की पकड तीस किलोपर्यंत जाईल का. जाईल असं वचन मी दिलं नाही. पुढच्या वेळी मोजू, तोवर रोज टॉवेल पिळत राहा, असं सांगितलं.